चापड्याचा फोटो आणि गप्प बसलेला मामा

«ताई, फोंड्याहून लिहितोय. वय २७, वेर्णा औद्योगिक वसाहतीत कामाला. दोन वर्षांपूर्वी हप्त्यांवर कॅमेरा घेतला. पावसात दर रविवारी एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर जातो. वझर (धबधबे), धुकं, हिरवे डोंगर सगळं काढतो, पण माझे फोटो ग्रुपमधल्या तीस जणांच्या फोटोंत मिसळले तर मलाच माझे ओळखता येणार नाहीत. लांब टेलिफोटो लेन्स घेऊ का? लाखभर रुपये साठलेत. आई म्हणते, घराच्या कौलांना लाव. दुसरं, गोव्यातल्या चांगल्या वाटांची ऋतूप्रमाणे यादी द्याल का? तिसरं, गेल्या महिन्यात चोर्ला घाटाच्या बाजूला एका वाटेवर चापडा हा विषारी साप दिसला. झुडपात आत होता, पानं मध्ये येत होती. एकाने काठीने उचलून त्याला उघड्या फांदीवर ठेवला, मग सगळ्यांनी फोटो काढले. माझा सगळ्यांत चांगला आला, खरं तर आजवरचा माझा सगळ्यांत चांगला फोटो. स्पर्धेला पाठवायचा विचार आहे. सत्तरीतल्या केरीला माझा मामा असतो, त्याचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. त्याला मोबाइलवर फोटो दाखवला, तर त्याने नीट बघितला, मोबाइल परत दिला आणि काहीच बोलला नाही. तेव्हापासून मन खातंय. पाठवू का? नाव छापू नका.»

कौलांचं आधी. आई बरोबर बोलते आहे. श्रावणात घर गळायला लागलं की लेन्स डोक्यावर धरता येत नाही.

कौलांचा खर्च नसता तरी ही लेन्स घेऊ नकोस असंच म्हटलं असतं. लाखभरात जी लांब लेन्स येते, ती पूर्ण लांब केली की एफ ६.३ च्या आसपास अडकते, म्हणजे उजेड आत कमी येतो. आषाढात सत्तरीच्या रानात दुपारी बारा वाजता दिवेलागणीएवढा उजेड असतो. त्यात पाखरू हललं आणि तू १/५०० चा वेग धरलास, तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० च्या वर न्यावी लागेल. मग फोटोत पाखरापेक्षा दाणेच जास्त. ही लेन्स डिसेंबरात करमळीच्या तळ्यावर उपयोगी पडते, उघडं आकाश, बदकं, कोवळं ऊन. पावसातल्या रानासाठी तुला हवा आहे एक पोलरायझर फिल्टर, म्हणजे ओल्या पानांवरची पांढरी चमक जाऊन खालचा हिरवा रंग वर येतो. जमलं तर वापरलेली, नव्वद ते एकशेपाच मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणारी. एक दणकट छत्री. आणि घट्ट झाकणाचा डबा.

डब्याचं हसू नकोस. १९९६ च्या पावसाळ्यात मी माझी पन्नासची लेन्स चामड्याच्या पेटीत घालून कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली होती, सुरक्षित म्हणून. चवथीला (गणेश चतुर्थीला) काढली तर काचेवर कोळ्याचं बारीक जाळं. रुमालाने पुसलं, जाईना. चष्मा लावून बघितलं तेव्हा कळलं की जाळं काचेच्या आतल्या बाजूला आहे. बुरशी होती ती. आपल्या हवेत तिला अंधार आणि दमट चामडं मिळालं की आणखी काही लागत नाही. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून साफ केली, पण तोवर काचेवरचा मुलामा खाल्ला गेला होता. तेव्हा हवाबंद डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ टाक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला पाहिजे. दाण्यांचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापर. तांदळात ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच, ऐकू नकोस, तांदळाची पूड आत शिरते. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नकोस. दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच राहू दे, नाहीतर पहिला वझर धुक्यातला येईल आणि ते धुकं तुझ्याच लेन्सवरचं असेल.

आता वाटा. यादी देत नाही. केरीला ज्याचा मामा आहे, कुळागर आहे, मागे डोंगर आहे, तो मला वाटांची यादी मागतो! कुळागराच्या मागून सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळी पठाराकडे, चढणारी गुरांची एखादी पायवाट तिथे असेलच. ती धर आणि वर्षभर तिच्यावरच जा. मधला एखादा रविवार ग्रुपबरोबर मजेत घालव, माझी हरकत नाही. पण तीस जणांची रांग जाते त्या वाटेवर बेडूक थांबत नाहीत आणि म्होरक्या तुला थांबू देत नाही. तुझे फोटो सगळ्यांसारखे येतात, कारण तू सगळ्यांबरोबर एकाच जागी एकाच मिनिटाला पोचतोस.

मामाच्या तळीपासून सुरुवात कर. पाण्यावर वाकलेल्या फांद्यांच्या टोकाला साबणाच्या फेसासारखे पांढरे गोळे लटकलेले दिसले तर ती मलबारी उडत्या बेडकाची घरटी. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि अंडी त्यात ठेवते, बरोब्बर पाण्याच्या वर. वरचा फेस वाळून कवच होतो, आत ओल टिकते. पुढे तो विरघळला की पिल्लं एकेक करून खाली टपकतात. पहिल्या दिवशी गोळा कसा दिसतो, चौथ्या दिवशी कसा सुरकुततो आणि पिल्लं पडायच्या आदल्या संध्याकाळी खालून कसा ओघळू लागतो, हे सगळं टिपायचं तर रोज डोळा ठेवणारं माणूस हवं. ते तुझ्याकडे आहे. मामा फोन करील, तू कामाची पाळी संपवून निघशील. एक मात्र लक्षात ठेव, फोटोत मध्ये येते म्हणून ती फांदी ओढून बाजूला बांधू नकोस. पाण्यावरून हातभर जरी सरकली, तरी पिल्लं कोरड्या मातीत पडतात.

आणखी वर सडा. गोव्यातला माणूस सड्याला पडीक समजतो, म्हणून तिथे खाण, क्रिकेटचं मैदान नाहीतर विमानतळ येतो. पण जांभ्या दगडावरची बोटभर माती चार महिन्यांत काय काय काढते ते बघण्यासारखं असतं. पहिल्या सरींनंतर दीपकाडीची फुलं, मग ओलीत सीतेची आसवं, गेंदाचे पांढरे मणी, श्रावण-भाद्रपदात कवळ्याचा पिवळा. सीतेची आसवं नाजूक निळी-जांभळी, पण चिखलात तिच्या मुळांसारख्या तंतूंवर बारीक फुगे असतात आणि त्यांत ती किडे पकडते. दवबिंदू नावाची वनस्पती तर उघडउघड शिकारी आहे. पानावरच्या चिकट थेंबात अडकलेला चिलटाएवढा किडा सकाळच्या तिरक्या उजेडात टिप, त्याला कुठलीही लांब लेन्स लागत नाही. पोटावर झोपावं लागतं. चालताना उघड्या कातळावरून चाल, शेवाळाच्या गादीवरून नको. तुझ्या बुटाचा एक ठसा म्हणजे तिथे फुलांचं अख्खं गाव.

चवथीच्या आधी मामा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या छताचं) सामान आणायला रानात जाईल, तेव्हा त्याच्याबरोबर जा. निसर्गाच्या फोटोत माणूस नको, असा एक खुळा नियम हल्ली पसरलाय. रानातल्या कुठल्या वेलीला कुठे फळ धरलंय आणि माटोळीला कुठली फुलं चालतात हे ज्या हातांना ठाऊक आहे, ते हातही रानाचाच भाग आहेत. रात्री थांबलास तर वझराच्या वाटेवर कुजलेल्या ओंडक्यांजवळ बॅटरी विझवून पंधरा-वीस मिनिटं नुसता उभा राहा. म्हादईच्या रानात चमकणारी बुरशी आहे. डोळे अंधाराला सरावले की हिरवट उजेड दिसतो. ट्रायपॉड हवा, तीस सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ शटर उघडं हवं. रात्री एकटा मात्र मुळीच नको.

परवानगीचंही बघ. ही वाट कुठे म्हादई अभयारण्याच्या हद्दीत शिरते, ते मामाला ठाऊक असेल, नसेल तर वाळपईच्या वन कार्यालयात विचार. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते आणि पावसाळ्यात आदेश बदलत राहतात. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी वझरावर दोघे बुडाले आणि सरकारने अभयारण्यांतले वझर एकदम बंद केले. त्याच महिन्यात दूधसागरला जायला रुळांवरून निघालेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. ते व्हिडिओ बघून सगळे हसले, मीही हसले. पण वझराखाली ऊन असतं तेव्हा वर चोर्ल्याला पाऊस कोसळत असतो आणि लोंढा यायला तेवढं पुरतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहू लागली, तर ट्रायपॉड तिथेच सोडून वर चढ.

पावसानंतर कार्तिकात सकाळचं धुकं, हिवाळ्यात जमिनीवर पालापाचोळा उलटणारा नवरंग पक्षी, फाल्गुनात पांगारा आणि सावर फुलली की एका झाडाखाली बसून सगळी पाखरं. हे तुला आपोआप सापडेल, त्यावर लिहीत बसत नाही. फक्त एक. पावसात पोटावर झोप म्हटलं, ते डिसेंबरनंतर विसर. डिसेंबर ते मे हा सत्तरीत माकडतापाचा मोसम. २०१५ मध्ये इथल्या पाली गावात तो गोव्यात पहिल्यांदा आढळला. पाचोळ्यातल्या बारीक गोचिडीच्या चाव्यातून तो होतो. ती एवढी लहान असते की अंगावर आहे हे कळतही नाही. त्या महिन्यांत पाचोळ्यावर बसू नकोस, पिशवीही ठेवू नकोस. पँट मोज्यांत खोच, आरोग्य केंद्रातून मिळणारं गोचीड पळवणारं तेल लाव, घरी आल्या आल्या गरम पाण्याने अंघोळ कर आणि कपडे वेगळे धू. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊन फोटो काढू नकोस, वन खात्याला कळव. नंतर ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांग, की मी रानात गेलो होतो.

आता चापडा.

१९९४ चा मार्च. करवंदीच्या जाळीत बुलबुलाचं घरटं, तीन पिल्लं, चोची उघड्या. समोर दोन डहाळ्या आडव्या येत होत्या. माझ्या पिशवीत नखं कापायची छोटी कात्री होती. दोनच डहाळ्या कापल्या, त्या कितीशा असणार! छत्तीसपैकी अकरा फ्रेम तिथे संपवल्या. दुसऱ्या दिवशी उरलेल्या काढायला गेले तर घरटं रिकामं, काठावर एक पीस आणि वरच्या काजूवर कावळा. डहाळ्या कापल्यामुळे घरटं वरून उघडं पडलं होतं. मला दिसावं म्हणून कापलं, मग त्यालाही दिसलं. ती स्लाइड अजून माझ्याकडे आहे. रंग फार छान टिकलेत.

म्हणून तुझ्या मित्राला राक्षस ठरवायची ही जागा नव्हे. पण काठीने नेमकं काय केलं ते ऐक. मलबारी चापडा पावसात एकेका जागी दिवसेंदिवस बसून असतो. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये त्याला खळगा असतो, त्यातून त्याला समोरच्या जिवाची ऊब कळते. बेडूक, पाल, उंदीर कुठून जातात ते बघून त्याने ती फांदी धरलेली असते. तुम्हाला जी पानं मध्ये आली, ती त्याची लपायची जागा होती. उघड्या फांदीवर ठेवलं की शिकार गेली आणि सर्पगरुडाला तो दिसायला लागला. फोटो पुन्हा उघडून बघ. अंग अर्धवट उलगडलेलं आणि मान इंग्रजी एससारखी मागे ओढलेली दिसते का? दिसत असेल तर तो भेदरून हल्ल्याच्या तयारीत होता. आपण त्याला ऐटदार पवित्रा म्हणतो.

आणि काठीवाल्यालाही सांग. आपल्याकडे मिळणारं सर्पविषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. चापडा त्यांत नाही. चावला तर बहुतेक वेळा सूज आणि भयंकर दुखणं एवढ्यावर निभावतं, पण त्याचा भाऊबंद नाकाड्या चापडा याच रानात आहे आणि तो मूत्रपिंडावर जातो. काठीच्या टोकाला कुठला आहे, हे तीस जणांपैकी किती जणांना ओळखता आलं असतं? शिवाय वाटेचा तो भाग अभयारण्यात असला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे प्राण्याला छेडणं हाच गुन्हा आहे, फोटो निघो न निघो.

तेव्हा पाठवू नकोस. बहुतेक स्पर्धांच्या अर्जात एक ओळ असते, प्राण्याला हाताळलेलं नाही, जागा बदललेली नाही. तिच्याखाली सही करताना तुला खोटं बोलावं लागेल. परीक्षकांत एक जरी साप ओळखणारा निघाला तरी त्याला कळेल. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मोठ्या स्पर्धेत २००९ मध्ये पहिला आलेला, फाटकावरून उडी मारणारा लांडगा पाळीव निघाल्याचं परीक्षकांनी ठरवलं आणि बक्षीस काढून घेतलं. २०१७ च्या स्पर्धेत एका गटात जिंकलेल्या फोटोतलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं असल्याचं ठरून तोही बाद झाला. एवढ्या मोठ्या परीक्षकांपुढून दोन्ही फोटो आधी सुटले आणि पुढे लोकांच्या नजरेत सापडले.

फोटो तू आधीच टाकला असशील तर काढून टाक, असं मी म्हणत नाही. त्याखाली खरं काय झालं ते दोन ओळींत लिही. साप काठीने उचलून ठेवलेला होता, असं करू नये. ग्रुपमधले चिडतील, चिडू देत. पुढच्या वेळी कुणी काठी उचलली तर भाषण देऊ नकोस, नुसतं म्हण, थांब, मला पानातूनच हवाय. आणि खरंच तसा काढ. पोलरायझर लावून, एका पानाच्या कडेवर आणि त्याच्या डोळ्यावर नजर ठेवून, बाकीचं धूसर सोडून. त्या हिरव्यात हिरवा साप शोधायला बघणाऱ्याला दोन क्षण लागले पाहिजेत, तुला रानात लागले तसे. फोटो टाकताना मोबाइलचं लोकेशन बंद आहे ना तेही बघ आणि जागेचं नाव लिहू नकोस. तिबोटी खंड्याचं घरटं कुठल्या बांधात आहे हे एकदा कळलं की रविवारी तिथे दहा ट्रायपॉड उभे राहतात आणि चोचीत सरडा धरलेली आई बाहेरच बसून राहते.

मामा गप्प का बसला ते मी कसं सांगू? मी त्याला ओळखत नाही, तू ओळखतोस. पण ज्याने मोबाइल हातात घेऊन फोटो नीट बघितला, त्याला तो चापडा त्या फांदीवर स्वतः चढलेला नाही हे कळलं असणार. चवथीला जाशीलच. माटोळीच्या सामानाला निघाल तेव्हा पहिल्या दिवशी कॅमेरा डब्यातच ठेव आणि मामाची पिशवी तू धर. वाटेत कुठेतरी तो थांबेल, एका पानाकडे बोट दाखवेल आणि तुला तिथे काहीच दिसणार नाही. तेव्हा विचार त्याला, काय आहे ते.